नोकरी, कादंबरी आणि रविवारचा वर्ग : गोव्यात राहून मराठीत लिहिणाऱ्यांसाठी

"टीचर, मला लिहायचंय, आणि पुढे लिहायला शिकवायचंही आहे. दोन्ही जमेल का?" असं दर वर्षी कोणी ना कोणी विचारतंच. जमतं. मी फोंड्याला राहते, उच्च माध्यमिकात मराठी शिकवते, कादंबऱ्या आणि कविता लिहिते आणि रविवारी लेखनाचा वर्ग घेते. हे सगळं एका घरात आणि एका आठवड्यात कसं बसवायचं ते इथे सांगते. माझं मुख्य म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना सोपं जाईल. लिहायला शिकवायचं म्हणजे पुन्हा लिहायला शिकवायचं. पहिला खर्डा ज्याचा त्यालाच सुचतो, तिथे शिक्षकाचं काम नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या खर्ड्याला मात्र शिक्षक लागतो. आणि ते काम दुसऱ्याच्या पानावर करून करून आपल्याही पानावर करता यायला लागतं. म्हणून हे दोन धंदे एकत्र करण्यात मला अर्थ वाटतो.

आधी पोटाचं बघा

समजा तुमच्या कादंबरीची किंमत ३०० रुपये आहे, रॉयल्टी १० टक्के ठरलीय आणि ५०० प्रतींची आवृत्ती पूर्ण खपली. हाती येतात १५,००० रुपये. ती कादंबरी लिहायला गेलेली वर्षं आणि आवृत्ती संपायला लागलेला काळ यांनी याला भागून पाहा. कवितासंग्रहाचा हिशेब याहून तोकडा. त्यामुळे नोकरी हवी, आणि ती लेखनाच्या आड येते असं मानून कुढत बसू नका. कवी बा. भ. बोरकरांनी आधी शिक्षकी केली, नंतर आकाशवाणीत नोकरी केली. कथाकार लक्ष्मणराव सरदेसाई शिक्षकच होते. आपल्याकडे लिहिणाऱ्यांची हीच रीत आहे आणि ती चांगली आहे.

महाविद्यालयात शिकवायचं असेल तर एम.ए.ला किमान ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा हवी. सेट गोवा विद्यापीठही घेतं. उच्च माध्यमिकात जायचं तर बी.एड. करून ठेवा. 'मी लेखक आहे, मला परीक्षांचं काय' या भरात पंचविशी घालवलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत. परीक्षा आधी द्या. कादंबरी तिशीतही लिहिता येते, किंबहुना तिशीनंतरच जरा बरी लिहिता येते.

वेळेची वाटणी

कादंबरी आणि कविता यांना वेगवेगळी वेळ लागते. कादंबरीला रोज त्याच वेळी बसावं लागतं. मी पहाटे बसते, घरात भांड्यांचा आवाज सुरू व्हायच्या आत. तेव्हा वर्गातल्यांची पानं हातात घ्यायची नाहीत, हा माझा पक्का नियम आहे. दुसऱ्याचं कच्चं वाक्य सकाळी डोक्यात शिरलं की दिवसभर तेच घोळत राहतं आणि आपलं पात्र गप्प बसतं. विद्यार्थ्यांची पानं शनिवारी संध्याकाळी वाचा.

कवितेसाठी वेळ राखून ठेवत बसू नका, वही जवळ ठेवा. कदंबच्या बसमध्ये फोंडा ते पणजी हा प्रवास पुरेसा असतो. त्यात चार ओळी झाल्या तर घरी येऊन लगेच नीटनेटक्या करू नका, आठवडाभर तशाच राहू द्या.

चतुर्थीच्या दिवसांत लेखन होणार नाही हे धरूनच चाला, विशेषतः बायकांनी. घर भरलेलं असतं, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायची असते, पाहुण्यांचं करायचं असतं. त्या आठवड्यात नवं लिहायचा आग्रह धरला की चिडचिड होते आणि ती घरच्यांवर निघते. मी तेव्हा झालेल्या प्रकरणांची छापील प्रत पेन्सिलीसह फळीवर ठेवते आणि दुपारी चार पानं वाचते. चुका लगेच दिसतात, कारण मन त्यातून बाहेर आलेलं असतं.

वर्ग कसा चालवायचा

जागा मोठी नको. गावचं वाचनालय चालतं, देवळाच्या अग्रशाळेतली, म्हणजे भाविकांच्या उतरायच्या जागेतली, एखादी खोलीही चालते. मंडळी दहा-बारा, त्याहून जास्त नकोत. जास्त झाली की प्रत्येकाच्या पानाला वेळ मिळत नाही आणि वर्गाचं व्याख्यान होतं. कॉलेजची मुलं आणि निवृत्त माणसं मुद्दाम एकत्र बसवा. बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांना एकोणीस वर्षांच्या मुलीनं "हे वाक्य मला कळलं नाही" असं सांगणं दोघांच्याही भल्याचं असतं.

प्रत्येकानं एकच पान आणायचं, तीनशे-चारशे शब्दांचं, सगळ्यांना पुरतील इतक्या झेरॉक्स काढून. लेखकानं ते मोठ्यानं वाचायचं आणि नंतर चर्चा संपेपर्यंत गप्प बसायचं. हे गप्प बसणं सगळ्यांना जड जातं. "मला असं म्हणायचं होतं की" हे वाक्य ओठांवर येतं. पण पुस्तक छापून झाल्यावर वाचकाला समजावायला आपण त्याच्या घरी जाणार नसतो, म्हणून ही सवय इथेच लागलेली बरी.

बाकीच्यांनी ऐकताना पेन्सिलीनं फक्त एक गोष्ट करायची: जिथे लक्ष सुटलं तिथे बारीक रेघ मारायची. कारण द्यायचं नाही. सगळ्यांच्या प्रती एकत्र ठेवल्या की दिसतं, आठ जणांनी एकाच ओळीशी रेघ मारलेली असते. मग चर्चा तिथूनच सुरू करायची. 'छान', 'मस्त', 'भावलं' हे शब्द माझ्या वर्गात चालत नाहीत. त्यांनी लेखकाला बरं वाटतं, पण पानाचं काही होत नाही.

एक पान जवळून दाखवते. वास्कोहून येणाऱ्या एका मुलीनं असं लिहून आणलं होतं:

"पावसाळ्याचे दिवस जवळ आले होते. आजी खूप दुःखी होती, कारण तिचा मुलगा बोटीवर कामाला गेला होता. तिला त्याची सतत आठवण येत असे. तिच्या डोळ्यांत नेहमी पाणी असायचं."

दुसऱ्या वाक्याशी जवळजवळ सगळ्यांच्या रेघा. मी तिला सुधारून दिलं नाही, दोन प्रश्न विचारले. त्या दिवशी आजीचे हात काय करत होते? आणि मुलगा परत कधी येणार होता? पुढच्या खेपेला तिनं आणलं ते असं:

"पुरुमेंताची सुकी सुंगटं डब्यात भरता भरता आजीनं दोन मुठी बाजूला काढल्या आणि कागदात बांधल्या. 'यावर नाव घाल,' ती मला म्हणाली. 'कोणाचं?' 'तुझ्या पपाचं.' पपा नोव्हेंबरात येणार होते."

दुःख, आठवण, डोळ्यांतलं पाणी, तिन्ही शब्द गेले. पावसाळा जवळ आल्याचंही वेगळं सांगावं लागलं नाही, पुरुमेंत, म्हणजे सुक्या सुंगटांसारखा (कोळंबीसारखा) पावसाळ्यासाठीचा साठा, भरतायत म्हणजे पावसाळा तोंडावर आहे हे गोव्यातल्या वाचकाला कळतंच आणि बाहेरच्यालाही अंदाज येतो. नोव्हेंबर या एका शब्दानं अख्खा पावसाळा मध्ये उभा केला. मला सगळ्यात आवडलं ते हे की नात 'कोणाचं?' असं विचारते. म्हणजे त्या घरात पपाचं नाव सहज निघत नाही. ते तिनं ठरवून लिहिलं नव्हतं, दुसऱ्या खर्ड्यात आपसूक आलं. अशी ओळ सापडली की तिथे वर्ग थांबवा आणि ती परत वाचायला लावा. लेखकाला आपली ताकद कुठे आहे ते बहुतेक वेळा दुसऱ्यांकडूनच कळतं.

शिक्षकानं वाक्य लिहून द्यायचं नाही, एवढं कटाक्षानं पाळा. मोह फार होतो, आपल्याला उत्तर दिसत असतं. पण आपण दिलेलं वाक्य त्या पानावर परकं राहतं, आणि दोन वर्षांनी सगळा वर्ग आपल्यासारखं लिहायला लागतो. यासारखं नुकसान नाही.

गद्य लिहिणाऱ्यांनाही अक्षरं मोजायला लावा

कादंबरी लिहायला आलेले लोक म्हणतात, आम्हाला वृत्तं कशाला? मी त्यांना मोठा अभंग करायला देते. पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक जुळायला हवं. जोडाक्षर एकच धरायचं. ऱ्हस्व-दीर्घाची चिंता नाही, त्यामुळे भीती वाटत नाही.

रायबंदरच्या वाटेवरची मिठागरं सगळ्यांनी पाहिलेली असतात, म्हणून विषय तोच देते. गद्यातलं वाक्य बहुधा असं येतं: 'मांडवी नदीच्या काठावर मिठाची आगरं कडक उन्हात लखलख चमकत होती.' आता हे बावीस अक्षरांत बसवा. मी फळ्यावर करून दाखवते ते असं:

मांडवीच्या काठी
मिठाचे आगर
उन्हाने पदर
भाजलेला

'नदी' गेलं, कारण मांडवी म्हटलं की नदी आलीच. 'कडक' आणि 'लखलख' यांना जागा नव्हती. यमकासाठी 'आगर'ला जोडी शोधताना 'पदर' आला आणि त्याच्या मागोमाग मिठागरात राबणारी बाई आली, ती मूळ वाक्यात नव्हतीच. ही कविता थोर आहे असं माझं म्हणणं नाही, पण मोजणीमुळे काय होतं ते हिच्यात दिसतं. असे दहा-बारा अभंग केलेला माणूस पुन्हा गद्याकडे वळला की विशेषणं आपोआप कमी करतो. माझ्या वर्गात सत्तरीच्या एक बाई येत असत, गावच्या मांडावर पौषात धालो, म्हणजे बायकांची फेर धरून म्हणायची गाणी, गाऊन त्यांचा कान तयार झालेला होता. बोटांवर न मोजता त्या सांगायच्या, "इथे एक जास्त झालं." एम.ए. झालेल्या मुलांना ते जमत नव्हतं. अशी माणसं शोधून वर्गात आणा, फी घेऊ नका त्यांच्याकडून.

संवादांचा कान

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात कोकणी आणि हातात मराठी पुस्तक. याचं ओझं वाटून घेऊ नका. बोरकर दोन्हींत लिहीत, कवी शंकर रामाणीही. निवेदन मराठीत ठेवा आणि संवादात घरची चाल येऊ द्या: एखादं 'मरे', एखादं 'मगो', क्रियापदाची जागा. पानागणिक पाच शब्दांना तळटिपा द्याव्या लागत असतील तर मात्र हात आखडता घ्या. कोणाला पूर्ण कोकणीतच लिहावंसं वाटलं तर आनंदानं लिहू द्या, वर्गात भाषेचा वाद आणू नका.

संवाद शिकायला गोव्याइतकी चांगली जागा नाही. गावच्या उत्सवात मराठी नाटक बसतं, त्याच्या तालमीला जाऊन मागे बसा. दिवसभर दुकान किंवा बागायत सांभाळून आलेला नट ज्या वाक्यावर रोज अडखळतो, प्रॉम्प्टरला जे वाक्य रोज द्यावं लागतं, ते बहुधा वाईट लिहिलेलं असतं. तोंडात न बसणारं वाक्य पाठ होत नाही. कला अकादमीच्या स्पर्धेतल्या नाटकांपेक्षा मला या तालमींनी जास्त शिकवलं. मी माझ्या कादंबरीतले संवाद असेच कोणाकडून तरी मोठ्यानं वाचून घेते.

कादंबरीची तारीखवही

हा भाग नवे लेखक टाळतात आणि तिथेच विश्वास गमावतात. गेल्या साठ-सत्तर वर्षांतल्या गोव्यावर लिहिताय तर एक वेगळी वही घाला आणि वर्षागणिक पान ठेवा. पात्राचं वय एका बाजूला, बाहेर काय होतं ते दुसऱ्या बाजूला.

उदाहरण देते. तुमची नायिका म्हापशाकडची आहे आणि १९६८ साली पणजीत शाळेत जाते. ती बसनं पूल ओलांडून येऊ शकत नाही, कारण मांडवीवरचा नेहरू पूल १९७० साली खुला झाला. तिला बेतीहून फेरीबोट घ्यावी लागेल. म्हणजे तिचा रोजचा दिवस बदलला: धक्क्यावरची रांग, पावसातला चढ-उतार, फेरी चुकली तर शाळेत उशीर. आता तिची मुलगी १९८६ च्या पावसाळ्यात त्याच शाळेत जाते आहे. ५ जुलै १९८६ ला तो पूल कोसळला. पुन्हा फेरीबोट. आई आणि मुलगी एकाच धक्क्यावर, अठरा वर्षांच्या अंतरानं. मला हे प्रकरण कोणी कल्पनेतून सुचवलं असतं तर मी ओढूनताणून आणलेलं म्हटलं असतं, पण तारखांनीच ते हातात दिलं.

तसंच १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे केंद्रशासित प्रदेश. त्या वेळच्या घरावर कादंबरी लिहिताना कोणत्या भिंतीवर काय रंगवलेलं होतं, जेवताना कोण कोणाशी बोलत नव्हतं, हे ठरवावंच लागतं. जुन्या कुळांचं आणि मुंडकारांचं (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांचं) घर असेल तर १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा यांच्या आधीची आणि नंतरची माणसं एकसारखी बोलणार नाहीत. पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जाऊन त्या महिन्याची वर्तमानपत्रं मागा. बातम्यांपेक्षा जाहिराती आणि बाजारभाव वाचा, कादंबरीला तेच उपयोगी पडतात. मी विद्यार्थ्यांना एकदा तरी तिथे घेऊन जाते. बाहेर येताना प्रत्येकाच्या वहीत आपल्या घरात कोणी न सांगितलेली एखादी गोष्ट असते.

छापणं आणि पैसे

कविता आधी दिवाळी अंकांना आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांना पाठवा. दिवाळी अंकासाठी ऑक्टोबर उजाडेपर्यंत थांबू नका, जुलैच्या आसपास पाठवून मोकळे व्हा.

संग्रहासाठी प्रकाशकाकडे जाताना फॉर्मांत बोला. १६ पानांचा एक फॉर्म, म्हणजे ६४ पानांचा संग्रह चार फॉर्मांचा. पानं अडुसष्ट झाली तर एकतर चार पानं कमी करा किंवा पाचवा फॉर्म नीट भरा. पुष्कळ कवी स्वतःच्या पैशानं छापतात, त्यात लाज नाही. पण किती प्रती छापल्या आणि त्या कोणाकडे राहणार हे कागदावर घ्या. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, दिल्लीची राजा राममोहन रॉय एजन्सी मोफत देते, त्यासाठी कोणी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. लिहिलेल्या क्षणापासून हक्क तुमचाच असतो, आणि तुमच्यामागे ६० वर्षं वारसांकडे राहतो. नोंदणी सक्तीची नाही. करारात अनुवाद, ध्वनिपुस्तक आणि नाट्यरूपांतर यांचे हक्क स्वतःकडे ठेवा. आपल्याकडे गावोगाव नाटकं होतात, त्यामुळे शेवटचा हक्क कागदावरची शोभा नाही.

वर्गाची फी घ्या, थोडी का होईना. फुकट वर्गाला लोक पान न लिहिता येतात. कोणी संस्था कार्यशाळेला बोलावते तेव्हा मानधन आणि प्रवासखर्च आधी पत्रात मागून घ्या. एका संस्थेनं मला काणकोणपर्यंत बोलावून शाल-श्रीफळावर परत पाठवलं होतं, तेव्हापासून मी पत्र आल्याशिवाय तारीख देत नाही.

विद्यार्थ्याच्या पानावरची गोष्ट तुमच्या कादंबरीत येता कामा नये. त्यानं दहा जणांसमोर विश्वासानं वाचलेली असते. त्याच्या आजीचा कागद माझ्या पात्राच्या हातात गेला तर मला पुन्हा त्या वर्गात बसता येणार नाही. वर दिलेला उताराही त्या मुलीला विचारून घेतला आहे.

हस्तलिखितं वाचायला आणि प्रस्तावना लिहायला मागणारे खूप येतील. तीनशे पानं घेऊन आलेल्याला सांगा, पहिली दहा द्या, महिन्याभरात वाचते. ती वाचून पेन्सिलीच्या रेघा मारून परत करा, सोबत दोन प्रश्न लिहून. जो दुसरा खर्डा घेऊन येईल त्याची पुढची पानं मागून घ्या. जो येणार नाही त्याच्या मागे लागू नका. आणि मे महिन्यात वर्ग बंद ठेवा. तो महिना तुमच्या स्वतःच्या दुसऱ्या खर्ड्याचा, तेव्हा फोनवरही कोणाचं पान ऐकू नका. जूनमध्ये नवी यादी करताना निम्म्या जागा नव्या लोकांसाठी मोकळ्या ठेवा.